नऊ कोऱ्या चौकटी आणि दोन गुरू

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कवलापूरची. बीकॉम झाल्यावर सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेबाला लागले, त्याला दोन वर्षं झाली. चार महिन्यांपासून रात्री घरी व्हिडिओ बघून आकडेवारीच्या कामाची ‘आर’ ही कॉम्प्युटरची भाषा शिकतेय. सराव म्हणून गेल्या हंगामातल्या ६१ दिवसांच्या सौद्यांचे भाव एक्सेलमध्ये भरले, आरमध्ये घेतले आणि सरासरी काढली. उत्तर आलं ‘एनए’. दोन रात्री त्यातच गेल्या. पुण्यात आयटीत असलेल्या मावसभावाला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याने एक ओळ पाठवली, ती टाकली आणि सरासरी आली. मालकांना दाखवली तर ते म्हणाले, “एवढा भाव गेल्या वर्षी कुठं होता गं?” मला काही सांगता आलं नाही. भाऊ आता मेसेज बघतो, पण उत्तर देत नाही. चॅटजीपीटी कोड देतं, पण तो बरोबर आहे का हे मला कसं कळणार? पुण्यातल्या एका क्लासची फी ४५ हजार आहे, म्हणजे माझा जवळजवळ चार महिन्यांचा पगार. सांगलीत मला कोणी गुरू मिळेल का? की हे माझ्यासारखीचं कामच नाही? सोबत यादी पाठवतेय.
— एक मैत्रीण, कवलापूर

उत्तर : तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते. तो मनात खुपत असेल तर बाकीचं काही डोक्यात शिरायचं नाही. हे काम तुझंच आहे. कुणी न सांगता तू ६१ दिवसांचे सौदे वहीतून उतरवून काढलेस, आलेला आकडा मालकांपुढे ठेवलास आणि त्यांनी शंका घेतल्यावर “कॉम्प्युटरनं काढलंय म्हणजे बरोबरच” असं म्हणून वेळ मारून नेली नाहीस. मी सव्वीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. आकडा खटकला की थांबायची सवय मुलांना लावताना माझा घसा बसायचा. तुला ती आहेच.

तुझी यादी मी दोनदा पाहिली. ६१ ओळींत नऊ चौकटी कोऱ्या आहेत. आरमध्ये कोऱ्या जागेला एनए म्हणतात, म्हणजे ‘माहीत नाही’. बावन्न आकडे माहीत आहेत आणि नऊ माहीत नाहीत, तर सगळ्यांची सरासरी किती? खरं उत्तर ‘माहीत नाही’ हेच, आणि आरने तुला तेच दिलं. त्याला चूक समजून तू दोन रात्री डोकं फोडलंस, पण तुझ्या यादीबद्दलची पहिली खरी गोष्ट तुला त्या एनएनेच सांगितली होती. भावाने पाठवलेल्या ओळीचा अर्थ इतकाच, की ‘कोऱ्या जागा सोडून दे आणि उरलेल्यांची सरासरी काढ’. ओळ बरोबर आहे. पण त्या नऊ जागा सोडून द्यायच्या का, हे पुण्यात बसलेल्या भावाला कसं ठाऊक असणार?

एक चौकट कोरी असण्याची किती कारणं असतात बघ. त्या दिवशी यार्डाला सुट्टी होती. सौदा निघाला, पण तुमच्या दुकानी माल नव्हता. किंवा माल होता, बोली लागली, आणि शेतकऱ्याला भाव पटला नाही म्हणून त्याने पोती तशीच ठेवली. पहिल्या दोन कारणांनी जागा कोरी असेल तर ती सोडून दिल्याने फारसं बिघडत नाही. तिसऱ्या कारणाने मात्र सगळं बदलतं. भाव पटत नाही तो पडत्या बाजारात. म्हणजे नेमके पडत्या भावाचे दिवस यादीतून गळाले, चढ्या भावाचे राहिले आणि सरासरी वर गेली. मालकांना जे खटकलं ते कदाचित हेच असेल.

कदाचित म्हणते, कारण दुसरीही एक शक्यता आहे. तुझ्या यादीत तारीख आणि भाव एवढे दोनच रकाने आहेत, आवक नाही. समज, एका दिवशी १०० पोती क्विंटलला १२ हजारांनी गेली आणि दुसऱ्या दिवशी दोन पोती उत्तम हळकुंड २० हजारांनी गेलं. दोन दिवसांच्या भावांची सरासरी येते १६ हजार. पण पोत्यांच्या हिशेबाने धरलं तर क्विंटलला पडलेला भाव येतो १२,१५७. मालकांच्या डोक्यात हा दुसरा आकडा असतो, कारण गल्ल्यात पैसा त्याच हिशेबाने येतो. आवक विक्रीच्या पट्ट्यांवर लिहिलेली असेलच, ती तिसऱ्या रकान्यात भर. हळकुंड, गड्डा आणि कणी या हळदीच्या वेगवेगळ्या प्रकारांचे भाव एकाच रकान्यात आले असतील तर तेही वेगळे कर.

आता गुरूचं. आकड्यांच्या कामात गुरू दोन लागतात. एक भाषेचा आणि एक मालाचा. भाषेचा गुरू लांब असला तरी चालतो. आकड्यामागे प्रत्यक्ष काय घडलं हे सांगणारा मात्र हाकेच्या अंतरावर लागतो, आणि क्लासची फी भरून तो मिळत नाही. तुझ्या दुकानात जे दिवाणजी असतील, वीस-पंचवीस हंगाम ज्यांनी पट्ट्या फाडल्या असतील, ते तुझे दुसरे गुरू. सौद्याच्या वेळी माल कोणी उचलला आणि कोणी राखला, हे त्यांना तोंडपाठ असतं. चहाच्या वेळी नऊ तारखांची चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे जा. कॉम्प्युटरचा विषयसुद्धा काढू नकोस. “काका, या दिवशी काय झालं होतं?” एवढंच विचार आणि ते सांगतील ते समोर लिहून घे.

हे मी इतक्या हट्टाने सांगते, कारण मी स्वतः तोंडावर पडले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी दुष्काळी भागातल्या एका पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदी माझ्या हाती आल्या. त्यात एका जून महिन्यात तीन चौकटी कोऱ्या आणि लगेच पुढच्या दिवशी भला मोठा आकडा. मी कोऱ्या जागा सोडून दिल्या, त्या मोठ्या आकड्याभोवती लाल वर्तुळ काढलं आणि ‘एका दिवसातला विक्रमी पाऊस’ म्हणून निबंधात लिहिलं. निबंध वाचून झाला, टाळ्याही मिळाल्या. पुढच्या उन्हाळ्यात कामानिमित्त त्या गावी गेले, तेव्हा नोंदी ठेवणारे शिपाईमामा भेटले. तेव्हा ते निवृत्त झाले होते. वही पाहताच म्हणाले, “बाई, ते तीन दिवस मी मेव्हणीच्या लग्नाला गेलो होतो. आलो तेव्हा भांडं भरलेलं, मग सगळं एकदमच लिहिलं.” पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजायचा असतो, आणि मोजणारा माणूस गावी नव्हता. माझा विक्रमी पाऊस चार दिवसांचा निघाला. शिपाईमामांना मी आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. माझ्यापाशी पदवी होती, प्रोग्रॅम होता, आणि विचारायचं मात्र सुचलं नव्हतं.

आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे तुला माहीत असावेत म्हणून सांगते. जन्म १९११ चा. लंडनला जर्झी नेमन आणि इगॉन पीअर्सन या संख्याशास्त्रातल्या दिग्गजांकडे शिकून त्यांनी १९३६ मध्ये पीएचडी मिळवली. परत आल्यावर ते शास्त्र त्यांनी लावलं कशाला, तर पिकाचा उतारा मोजायला. पीक कापणी प्रयोग तुझ्याही गावात होत असतील. त्यात डोळ्यांना बरं दिसणारं शेत निवडायचं नसतं, कुणाचाही कल मध्ये न येता जे निघेल ते शेत आणि त्यातला ठरल्या मापाचा तुकडा कापायचा असतो. बरी शेतं तेवढी मोजली तर तालुक्याचा उतारा फुगतो. तुझ्या यादीत पडते दिवस गळाले असतील तर तिचंही तेच झालंय.

आता भाषेच्या गुरूकडे येऊ. सुरुवात मावसभावापासूनच कर. तो शिष्ट झालाय असं मनात धरू नकोस. तू त्याला काय पाठवलंस ते आठव. लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो आणि खाली “हे का होत नाही?” दिवसभर ऑफिसात स्क्रीनपुढे बसलेल्या माणसाने त्याचं काय करायचं? फोटोतला कोड त्याला उचलून चालवता येत नाही, तुझी फाइल त्याच्याकडे नाही, आणि तुला नक्की काय हवं होतं तेही त्याला कळत नाही. उत्तर द्यायचं तर अर्धा तास तुलाच प्रश्न विचारत बसावं लागेल. म्हणून तो ‘नंतर बघू’ म्हणतो, आणि ते राहूनच जातं.

प्रश्न असा पाठव, की समोरच्याने तो उचलावा, स्वतःच्या मशीनवर चिकटवावा आणि तुला दिसतंय तेच त्याला दिसावं. त्यासाठी दुकानाची फाइल द्यायची गरज नाही. आरच्या पोटातच सरावाच्या कितीतरी याद्या असतात. ‘एअरक्वालिटी’ नावाची एक आहे, न्यूयॉर्कमधल्या हवेची, १९७३ च्या मे ते सप्टेंबरमधल्या १५३ दिवसांची. त्यातल्या ओझोनच्या रकान्यात ३७ जागा कोऱ्या आहेत, म्हणजे तुझीच अडचण तिथे तयार आहे. सरासरी काढलीस तर एनए येतं, कोऱ्या जागा वगळल्यास तर ४२.१३. मग प्रश्न असा होतो: ‘दादा, एअरक्वालिटीतल्या ओझोनची सरासरी मी अशी काढली, एनए आलं. कोऱ्या जागा वगळल्या तर ४२.१३ येतं. पण त्या जागा कोणत्या महिन्यात जास्त आहेत हे मोजायचं कसं? मी हे आणि हे करून पाहिलं.’ कोड फोटोत नको, मजकूर म्हणून पाठव. असा प्रश्न लोकलची वाट बघतानाही सोडवता येतो. आणि प्रश्न इतका बारीक करताना निम्म्या वेळा उत्तर तुझं तुलाच सापडेल. तेव्हा तेही भावाला कळव, त्याला बरं वाटेल.

त्या यादीचा कंटाळा आला तर ‘नाईल’ नावाची दुसरी घे. नाईल नदीतून १८७१ ते १९७० या शंभर वर्षांत दरसाल किती पाणी वाहिलं, त्याची ती नोंद आहे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे ज्या गावात लहान पोरांना पाठ असतं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ फुटांवर गेलेलं पाणी ज्यांनी पाहिलं, त्या आपल्याला नदीचा आलेख कसा वाचायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही. नाईलच्या आलेखात एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी पाणी एकदम खाली बसलेलं दिसतं. ते कुठल्या सालापासून, हे तू शोधून काढ.

भावाशिवाय कोण? माझं मत विचारशील तर फार मोठा तज्ज्ञ शोधू नकोस. तुझ्यापेक्षा वर्षभर पुढे असलेलं कोणीतरी शोध. त्याला आपण कुठे अडखळलो होतो ते अजून आठवत असतं. मला आर शिकवलं ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थिनीने. मी सत्तेचाळीस वर्षांची, ती बावीसची. दर रविवारी सकाळी फोनवर वीस मिनिटं. तिला ‘अगं’ म्हणायची सवय मोडून ‘हे परत सांग’ म्हणायला मला महिना लागला. विश्रामबागेतली कॉलेजं तुला जवळ आहेत, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ एसटीने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे आणि तिथे संख्याशास्त्राचा वेगळा विभाग आहे. विभागात जाऊन सरळ सांग, की मी यार्डात काम करते, माझ्याकडे खऱ्या सौद्यांचे आकडे आहेत आणि एमएस्सीच्या एखाद्या मुलीबरोबर मला शिकायचंय. त्या मुलांना प्रोजेक्टसाठी खरा डेटा मिळवताना नाकी नऊ येतात. तू रिकाम्या हाताने जात नाहीयेस, हे लक्षात असू दे. दुसरी जागा कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र. तिथे हळदीवर संशोधन चालतं, जातींच्या चाचण्या होतात, आणि चाचण्या म्हटल्या की आकड्यांचं विश्लेषण आलंच. हळदही कळते आणि आकडेही कळतात अशी माणसं आपल्या जिल्ह्यात भेटायची तर तिथे भेटतील.

घरबसल्या हवं असेल तर ‘एक्झरसिझम’ या वेबसाइटवर आरचे धडे फुकट आहेत, आणि तुझा सोडवलेला कोड स्वयंसेवक वाचून सुचवण्या देतात. ‘आर-लेडीज’ ही खास बायकांची जगभर पसरलेली संघटना आहे, २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली. इंग्रजीचा धाक नको. तिथले निम्मे लोक तुझ्यासारखंच तोडकं-मोडकं इंग्रजी लिहितात आणि कोड सगळ्यांचा सारखाच असतो. अनोळखी माणसं फुकट का शिकवतील, असं तुला वाटेल. ही भाषाच तशी जन्मली. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या दोन शिक्षकांनी ती आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिली, १९९३ मध्ये लोकांपुढे आणली आणि १९९५ मध्ये सगळ्यांना मोफत खुली केली. तेव्हापासून ती वापरणारेच ती वाढवत आणि शिकवत आलेत.

गुरू मिळाला की वेळ बांधून घे. पंधरवड्यातून एकदा, वीस मिनिटं, एकच प्रश्न. आधीच्या वेळी सांगितलेलं करून काय झालं ते सुरुवातीला सांगायचं. शिकवणारा टिकतो तो याच्यावर. आपण सांगितलेलं कुठे गेलं हे कळलंच नाही, की माणसाचा उत्साह मावळतो. ती वीस मिनिटं कमी वाटतील, पण मधल्या चौदा दिवसांत तू एकटीने जे झगडशील, शिकणं बरंचसं तिथेच होतं.

आणखी एक, मोठ्या बहिणीच्या नात्याने. शिकवतो म्हणणारा माणूस रात्री अकरानंतर ‘जेवलीस का’ विचारू लागला, किंवा लॅपटॉप घेऊन एकटीच ये म्हणू लागला, तर तिथेच थांब. त्याला कितीही येत असलं तरी. विद्या देणारे दुसरे मिळतात. भेटायचं ते कॉलेजच्या लायब्ररीत, चार माणसांत.

चॅटजीपीटीकडून कोड आयता घेण्यापेक्षा, तू लिहिलेली ओळ त्याला देऊन ‘ही काय करते ते समजावून सांग’ असं विचार. मग दोन-चार आकड्यांची छोटी यादी करून कागदावर उत्तर काढ आणि आरचं उत्तर ताडून बघ. वरचं पोत्यांचं उदाहरण त्यासाठीच दिलं. कोड बरोबर आहे का, हे असं कळतं. यादीतली चौकट कोरी का, हे मात्र त्यालाही सांगता यायचं नाही.

क्लासला ४५ हजार सध्या भरू नकोस. सगळे क्लास वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण मी स्वतः एकदा पैसे भरून गेले होते, तिथे सहा आठवडे फुलांच्या पाकळ्यांच्या एकाच तयार यादीवर सगळ्यांकडून सारखे आलेख काढून घेतले आणि शेवटी प्रमाणपत्र दिलं. स्वतःच्या आकड्यांपुढे बसले तेव्हा मी होते तिथेच होते. हा हंगाम तुझ्या यादीवर काढ. पुढच्या वर्षी नेमकं काय अडतंय हे तुला सांगता यायला लागेल, तेव्हा फी भरायची का ते ठरव.

आणि यादीबद्दल. मला पाठवलीस त्यात शेतकऱ्यांची नावं नव्हती, ते फार चांगलं केलंस. पण ते आकडे दुकानाचे आहेत. यापुढे कुणालाही, अगदी भावालाही पाठवण्याआधी मालकांना विचार. शेतकऱ्याचं नाव, गाव, बँकेचा खाते क्रमांक यांतलं काहीही यार्डाबाहेर जाता कामा नये. मालकांनी तुझा आकडा बघून शंका काढली, म्हणजे त्यांनी तो मनापासून वाचला. विश्वासात घेतलंस तर तेही शिकवतील.

तर या आठवड्यात एवढं कर. नऊ तारखांची चिठ्ठी दिवाणजींकडे. त्यांनी सांगितलेलं कारण ‘शेरा’ म्हणून चौथ्या रकान्यात लिहायचं, सुट्टी की माल नव्हता की माल राखला. जिथे माल राखला, तिथे बोली कितीवर थांबली होती हे त्यांना आठवत असेल तर तेही टिपून ठेव, पण भावाच्या रकान्यात घालू नकोस, वेगळं ठेव. मग आवक धरून सरासरी काढ आणि पुन्हा मालकांपुढे जा. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि नऊपैकी किती दिवस माल राखलेला निघाला तेही. मी वाट बघतेय.